फुटबॉल खेळताना डोक्याला बांधायचा पट्टा: दोन स्टार, तेही कपाळापुरते

आधीच सांगते, पट्टा टाकाऊ नाहीये. शिवण बरी आहे, वेलक्रो घट्ट बसतो, पार्सल नाशिकरोडला तिसऱ्या दिवशी घरी आलं. तरी दोनच स्टार का, ते सांगायला जरा लांबण लागेल कारण मी ज्या कामासाठी हा घेतला ते काम तो करत नाही आणि डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात तेच छापलंय, डोक्याचं संपूर्ण संरक्षण वगैरे. ज्यांना फक्त साईज आणि कापड बघायचंय त्यांनी डायरेक्ट खाली जा.

तर झालं असं की माझी लेक चिऊ, वय ११, दीड वर्ष फुटबॉल खेळतेय. उंच आहे म्हणून सरांनी तिला मागे डिफेन्समध्ये टाकलीय, आणि मागे उभं राहणाऱ्याला वरून आलेला बॉल डोक्यानेच काढावा लागतो. सप्टेंबरमध्ये प्रॅक्टिसला ती आणि दुसरी एक मुलगी एकाच बॉलला उडाल्या आणि दोघींची डोकी टाळकन आपटली. पडली, उठली, कपडे झटकले, अजून दहा मिनिटं खेळली पण. मला हे सगळं नंतर कळलं. रात्री जेवताना म्हणाली डोकं जड झालंय आणि मग विचारलं, आई उद्या शाळा आहे ना? मी म्हटलं हो आहे. वरण वाढेपर्यंत परत, आई उद्या शाळा आहे ना?

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. कारण आमच्या घरात एकच प्रश्न दोनदा विचारणारा माणूस आधीच एक आहे.

तो माणूस म्हणजे अप्पा, माझे वडील. वय ७४. सत्तरच्या दशकात नाशिकरोड आणि देवळाली भागात फुटबॉल खेळणाऱ्या जुन्या लोकांना विचाराल तर सेंटर हाफ, म्हणजे मागे डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा, म्हणून कुणालातरी आठवतील. कंपनीतून सुटले की सायकल तशीच ग्राउंडवर. कॅम्पातल्या मिलिटरीच्या पोरांशी मॅच असली की आमची आजी म्हणे देवापाशी दिवा लावून बसायची, कारण ती पोरं धिप्पाड आणि आमचे अप्पा म्हणजे काठीला सदरा घातल्यासारखे. पण हेडला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, एक नंबर. बॉल तेव्हा चामड्याचा, वरून लेस बांधलेली, ती लेस कपाळाला लागली की वळ उठायचा. आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात तो बॉल पाणी पिऊन नुसता दगड व्हायचा. कोरडा बॉल तेव्हाही आणि आताही साधारण ४१० ते ४५० ग्रॅमचाच, फरक एवढाच की आताचे बॉल पाणी पीत नाहीत. अप्पा असा बॉल भिंतीवर मारून परत डोक्यावर घ्यायचे, एका वेळेला शंभर शंभर. हे ते आम्हाला अभिमानाने सांगायचे.

त्यांची एक स्टोरी आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात ठरलेली. एका मॅचला समोरच्याच्या डोक्यावर डोकं आपटलं, अप्पा आडवे, डोळ्यापुढे काजवे. मग कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून हुंगवला आणि परत आत. "अगं सेकंड हाफ पूर्ण खेळलो आणि घरी येऊन आईला विचारलं, आम्ही जिंकलो का गं!" इथे सगळा मांडव हसायचा. मीपण चाळीस वर्षं हसले. आता ती स्टोरी कुणी काढली की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

गेली पाच-सहा वर्षं अप्पांचं बदलत गेलंय. आधी विसरणं नव्हतं, आधी राग आला. आयुष्यात बायकोला अरे-तुरे न केलेला माणूस चहात साखर कमी म्हणून कप आपटायला लागला. मग पैशांचे घोळ, एकच लाईट बिल दोनदा भरलं. मग मुक्तिधामहून घरी येताना रस्ता चुकले, ज्या रस्त्याने ते पन्नास वर्षं येतायत. आई म्हणायची म्हातारपण आहे, चालायचंच. एका डॉक्टरांकडे नेलं (नाव घेत नाही) तर चार मिनिटांत वयोमानानुसार म्हणून गोळी लिहून दिली, वर फी घेतली ती वेगळीच. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र तासभर घेतला. अप्पांना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालीयत असं. अप्पांनी गोल असा सुरेख काढला, बॉलच जणू, आणि बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. काटे काढायचे राहूनच गेले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा विचारलं की तरुणपणी काय करायचे, कधी डोक्याला मार लागला होता का? मी सांगितलं फुटबॉल. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी जे समजावलं आणि मी नंतर रात्र रात्र बसून जे वाचलं ते थोडक्यात सांगते कारण पट्ट्याचं सगळं गणित तिथेच आहे. ज्यांना वाटतं हेड मारून काय होतंय त्यांनी जेफ ॲस्टलचं नाव शोधा. इंग्लंडकडून खेळलेला, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा स्ट्रायकर, हेडसाठीच प्रसिद्ध. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, शेवटी शेवटी त्याला आपण फुटबॉल खेळायचो हेपण आठवत नव्हतं. तिकडे मृत्यूची चौकशी करणारा जो अधिकारी असतो त्याने कारण लिहिलं औद्योगिक आजार, म्हणजे गिरणीतल्या माणसाला धुळीने दमा व्हावा तसं याच्या कामाने याला मारलं. २०१४ मध्ये त्याचा मेंदू परत तपासला तेव्हा त्यात सीटीई निघाला. हा आजार म्हणजे डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसून टाऊ नावाचं एक प्रोटीन मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. आणि १९६६ चा वर्ल्ड कप जिंकलेली इंग्लंडची जी टीम, त्यातल्या रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक आणि बॉबी चार्ल्टन हे दोघे सख्खे भाऊ, एवढ्या जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. अकरातले पाच. आता एका टीमवरून काही सिद्ध होत नाही हे मलापण कळतं, ऐंशीच्या पुढे तो कुणालाही होतो.

पण मग २०१९ मध्ये ग्लासगोच्या लोकांनी नीट मोजलं. स्कॉटलंडचे ७,६७६ जुने व्यावसायिक खेळाडू एका बाजूला आणि त्याच वयाचे, साधारण त्याच परिस्थितीतले तेवीस हजार साधे लोक दुसऱ्या बाजूला. खेळाडू हार्टने कमी गेलेले, फुप्फुसाच्या कॅन्सरने कमी गेलेले, म्हणजे खेळाचा फायदा आहेच. पण मेंदू झिजण्याच्या आजारांनी जाण्याचं प्रमाण साडेतीन पट. २०२१ मध्ये त्यांनीच जागेप्रमाणे बघितलं तर गोलकीपरला विशेष फरक नाही, आणि सगळ्यात जास्त डिफेंडर, जवळपास पाच पट. गोलकीपर हाताने बॉल धरतो आणि डिफेंडर डोक्याने काढतो. मी हे वाचलं तेव्हा समोर चिऊचे बूट ठेवलेले होते.

अप्पा काही पगारी प्रोफेशनल नव्हते तेव्हा ते आकडे त्यांना जसेच्या तसे लागत नाहीत, डॉक्टरांनीपण स्पष्ट सांगितलं की हे फुटबॉलमुळेच असं मी लिहून देऊ शकत नाही. सीटीई माणूस जिवंत असताना पक्का कळतच नाही, मेंदू नंतर कापून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. एमआरआयमध्ये ठसा उमटत नाही. पण त्यांनी जे सापडू शकतं ते सगळं शोधलं, बी १२ तपासलं (खूपच कमी निघालं), थायरॉईड, कानाची तपासणी, डोक्यात जुनं रक्त साकळलंय का. इंजेक्शनं झाली, कानाचं मशीन आलं, आणि खोटं नाही सांगत, थोडा फरक पडला. निम्मी चिडचिड ऐकू न येण्याची होती. उरलेली निम्मी आहेच.

तर अशा घरातली मी, आणि माझी पोर एकच प्रश्न दोनदा विचारतेय. त्या रात्री तिला घेऊन हॉस्पिटलला गेलो, सीटी स्कॅन नॉर्मल. सीटी नॉर्मल म्हणजे आत रक्तस्राव नाही एवढंच, कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, ते स्कॅनमध्ये दिसतच नाही हे मला तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. शुद्ध हरपायची पण गरज नसते म्हणे, बहुतेक वेळा नाहीच हरपत. दोन दिवस आराम, मोबाईल बंद, मग हळूहळू. घरी आल्यावर ती झोपली आणि मी साडेअकराला मोबाईलवर हा पट्टा मागवला, १,४९९ रुपये. त्या आधी एम. जी. रोडला दोन दुकानं पालथी घालावीत असं मनात आलं होतं पण रात्री साडेअकराला घाबरलेल्या आईला दुकान उघडायची वाट बघवत नाही, आणि हे विकणाऱ्यांना ते बरोबर माहीत असतं.

आता वस्तूबद्दल. काळा रंग, आत फोमचे तुकडे, कपाळावर जाड आणि मागे बारीक, मागे पोनीटेल बाहेर काढायला फट आहे ती मस्त. साईज फक्त एकच, त्यामुळे अकरा वर्षांच्या डोक्यावर वेलक्रो शेवटपर्यंत ओढूनही पळताना खाली सरकतो आणि भुवयांवर येतो. एकदा तर डोळ्यावरच आला आणि चिऊ गोलपोस्टवर जाता जाता वाचली, म्हणजे ज्याने वाचवायचं त्यानेच घात केला असता. पहिल्या दिवशी रबराचा उग्र वास होता, दोनदा धुतल्यावर गेला. घाम भरपूर पितो. धुतल्यावर सुकायला दीड दिवस, पावसाळ्यात तर विचारूच नका. मागे एक टॅग आहे त्याने तिची मान खाजते, तो मी कापला.

आणि मुख्य काम? बघा, घरातलं उदाहरण देते. नाशिकरोडहून द्वारकेला (आमच्या नाशिकातला चौक) रिक्षाने दही घेऊन जायचंय. डब्याला बाहेरून चांगला जाड टॉवेल गुंडाळा, दोन गुंडाळा. डबा आपटला तर पोचा येणार नाही. पण खड्ड्यात रिक्षा आदळली की आतलं दही हलणारच आणि द्वारकेला पोचेपर्यंत पाणी सुटलेलंच असणार. मेंदू कवटीत तसाच आहे, पाण्यात तरंगणारा मऊ गोळा. डोकं गपकन थांबलं किंवा गर्रकन फिरलं की तो आतल्या आत हिसकतो, पीळ पडतो, आणि इजा त्या हिसक्याने होते. पट्टा टॉवेलचं काम करतो. कपाळ फुटणार नाही, कोपर लागून खोक पडणार नाही, टाके वाचतील. त्याचे हे दोन स्टार.

हे मी मनचं सांगत नाहीये. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात शाळकरी खेळाडूंवर हेच करून बघितलं, अडीच हजारांवर मुलंमुली, काहींना असे पट्टे दिले काहींना नाही, २०१९ मध्ये निकाल छापून आला. कन्कशनच्या प्रमाणात फरक नाही. आणि पट्ट्याचं काय घेऊन बसलात, तिकडचा त्यांचा जो लंबगोल बॉलचा फुटबॉल आहे त्यात तर पोरं मोटरसायकलवाल्यासारखं जाड हेल्मेट घालून खेळतात, आणि सीटीईचा सगळा बोभाटा झाला तो तिथूनच. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर, मोठा स्टार खेळाडू, शेवटी बेघर होऊन ट्रकमध्ये झोपायचा, २००२ मध्ये पन्नाशीतच गेला आणि बेनेट ओमालू नावाच्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने त्याचा मेंदू उघडून त्या खेळात हे पहिल्यांदा दाखवलं. तिथली मोठी लीग एनएफएल, ते लीगवाले किती वर्षं मानायलाच तयार नव्हते. पुढे २०१७ मध्ये बोस्टनला त्या लीगमधल्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सापडला. (आता यात पण मेख आहे, ज्या घरांना आधीच शंका होती त्यांनीच मेंदू दान केले, तेव्हा प्रत्येक खेळाडूला होतोच असा अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर तसं फिरवू नका प्लीज.) एवढ्या जाड हेल्मेटने जे थांबलं नाही ते माझा १,४९९ चा फोम थांबवणार होता.

विकणाऱ्याच्या पेजवर पीटर चेकचा विषय निघतोच, कॉमेंटमध्ये कुणीतरी त्याचा फोटो टाकलेला असतो, एवढा मोठा गोलकीपर घालतो म्हणून. अहो पण त्याची २००६ मध्ये मॅच चालू असताना समोरच्याचा गुडघा लागून कवटीच फुटली होती, ऑपरेशन झालेलं हाड जपायला तो रग्बीचं हेडगार्ड घालायचा. त्याचं दुखणं डब्याचं होतं, दह्याचं नाही.

पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. पट्टा घातल्यावर पहिल्याच दिवशी चिऊ म्हणाली, आता मला काही होणारच नाही, आता मी कुणालाही भिडते. आणि खरंच आधी जिथे थांबायची तिथे डोकं घालायला लागली. संपूर्ण संरक्षण असं छापल्यावर लेकरू त्यावर विश्वास ठेवणारच ना. त्या एका ओळीसाठी मी एक स्टार कापलाय, साईजसाठी एक, वासाला माफ केलं, उरलेला एक माझ्या मूर्खपणाचा.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, सरांना जाऊन भेटले. जरा धाकधूक होती कारण पालक ग्राउंडवर आले की सरांचं तोंड लहान होतं हे सगळीकडचंच. मी भांडले नाही. अप्पांना सोबत नेलं होतं. अप्पा ग्राउंडवर पाय ठेवला की एकदम वेगळे होतात, पाठ ताठ, आवाज मोठा, सरांना दोन मिनिटांत ऑफसाईडवरून झापलं. मग कांद्याची स्टोरी सांगितली. सर हसले. पाच मिनिटांनी अप्पांनी तीच स्टोरी परत सांगितली, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून, आणि सर यावेळी हसले नाहीत.

मी म्हटलं सर, इंग्लंड-स्कॉटलंडवाल्यांनी २०२० पासून प्रायमरीच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेड शिकवायचंच बंद केलंय, अमेरिकेत २०१५ मध्येच दहा वर्षं आणि त्याखालच्यांना बंदी आली, आणि इंग्लंडच्या मोठ्या प्लेयरांनासुद्धा प्रॅक्टिसला जोरातले हेड आठवड्याला दहाच, तर आपल्या पोरी वीस-वीस कशाला मारतायत? सर म्हणाले ताई, मला कुणी शिकवलंच नाही हे, आम्हीपण असेच शिकलो. माणूस चांगला आहे. आता ते लहान गटाला हेडची ड्रिल घेत नाहीत, टेक्निक शिकवायचं असेल तर हलका स्पंजचा बॉल. आणि डोक्याला डोकं लागलं की ती पोर त्या दिवशी बाहेर, मग ती कितीही म्हणू दे मी ठीक आहे, फायनल असली तरी. दोन दिवस आराम, मग आधी चालणं, मग पळणं, मग बॉल, एकेका पायरीला निदान एक दिवस आणि मध्ये डोकं दुखलं की एक पायरी मागे, आणि मॅच शेवटी, डॉक्टरने हो म्हटल्यावरच. उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, भलत्या वेळी झोप यायला लागली तर घरी न नेता थेट हॉस्पिटल. हे सगळं एका पानावर लिहून त्यांनी किटबॅगच्या झाकणाला चिकटवलंय, झेरॉक्सचा खर्च दोन रुपये. एका बापाने कुरकुर केली की असं केल्याने पोरी नाजूक होतील. अप्पा त्याच्याकडे नुसतं बघत होते, त्यांना काही ऐकू आलं नसावं, मशीन घरी विसरले होते.

घ्यायचा की नाही? ज्याच्या कपाळावर आधीच टाके पडलेत त्याने घ्या, गोलकीपरला पोस्टची भीती असेल तर घ्या, मोठ्या माणसाच्या डोक्याला साईज बरोबर बसते. लेकराचा मेंदू वाचावा म्हणून घेत असाल तर तेवढ्या पैशात स्पंजचे बॉल आणा ग्राउंडसाठी. रिटर्न करायची माझी मुदत सात दिवसांची होती, ती टॅग कापला तिथेच संपली. कस्टमर केअरला मेसेज केला होता की ती संरक्षणाची ओळ काढा, उत्तर आलं आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

पट्टा सध्या अप्पांकडे आहे. नाशिकची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीतच आहे, सकाळी फिरायला जाताना कपाळ आणि कान झाकले जातात म्हणून ते कानटोपीच्या आत घालतात, त्यांच्या डोक्याला तो असा बरोबर बसतो की बघत राहावं. चिऊ सोबत जाते, एकटं सोडत नाही आम्ही. रोज चपला घालताना ते विचारतात, हा पट्टा कुणाचा गं? ती रोज सांगते, माझा होता आजोबा, तुम्हाला दिला. मग ते म्हणतात, तू फुटबॉल खेळतेस होय, कुठल्या जागेवर?

मागे, तुमच्याच जागेवर, ती सांगते, आणि दार ओढून घेते.